उडी एका मिनिटाची, गप्पा दिवसभराच्या: मराठवाड्यातून स्कायडायव्हिंगला निघालेल्यांसाठी

लातूर, परभणी, बीडकडच्या पोरापोरींचे मला जे प्रश्न येतात, त्यांत उडीबद्दलचे थोडे आणि उडीच्या अवतीभवतीचे जास्त. तिथं गेल्यावर कुणाशी काय बोलायचं? सगळे आपापसात काहीतरी बोलून हसत असतात, त्यातलं ओ की ठो कळत नाही, मध्येच विचारलं तर चालेल का? इंग्रजी जेमतेम, हसतील का? भीती वाटतेय हे सांगायचं की गिळून टाकायचं? कोर्स कुठला करावा आणि हेल्मेट कुठलं घ्यावं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. स्कायडायव्हिंगच्या माणसांत वावरायचं कसं, तेवढंच मी इथं सांगतो.

आधी वेळेचा हिशेब बघा. १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत साधारण मिनिटभर आपण नुसते पडत असतो. त्यानंतर पॅराशूटखाली चार-पाच मिनिटं. आणि तेवढ्यासाठी मैदानावर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसलेले असतो. हा बसण्याचा वेळ रिकामा नसतो. कुणाला कुणाबरोबर उडू द्यायचं, कुणाला आज खालीच ठेवायचं, हे त्या गप्पांतून ठरत असतं. म्हणून चार गोष्टी कधी फुगवायच्या नाहीत आणि कधी लपवायच्या नाहीत: वजन, उड्यांची संख्या, उंची आणि भीती. पारावर बसून दहा क्विंटल सोयाबीनचे पंधरा क्विंटल सांगितले तर कुणाचं काही बिघडत नाही. इथं बिघडतं.

घरी सांगणं

ही पहिली पायरी, आणि बहुतेकांना सगळ्यात अवघड वाटणारी. "विमानातून उडी मारू लालास म्हणं?" इथून सुरुवात होते. पुढचे प्रश्न ठरलेले: कशाला, किती पैसे, आणि छत्री उघडली नाही तर?

"कशाला"ला पटणारं उत्तर नसतं, त्यावर वाद घालू नका. पैशाचं खरं सांगा. टँडेमची, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारायची एक उडीसुद्धा दहा हजारांत भागत नाही. प्रवास, मुक्काम आणि व्हिडिओ वेगळाच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्या, आईला समोर बसवून सांगा. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात, मेन आणि रिझर्व्ह. मेनची घडी शिकलेला कुठलाही जंपर घालू शकतो. रिझर्व्हला मात्र परवानाधारक रिगरच, म्हणजे पॅराशूट भरणारा जाणकारच, हात लावतो. घडी घालतो, सील करतो, कार्डावर तारीख टाकून सही करतो. अमेरिकेत ते रिझर्व्ह वापरलं नाही तरी दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा भरावं लागतं. त्याच पिशवीत एक छोटं यंत्रही असतं, एएडी म्हणतात त्याला. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही माणूस वेगानं पडतच असेल, तर रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी ते आपणहून कापतं. सायप्रेस नावाचं असं इलेक्ट्रॉनिक यंत्र जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये आणलं, आणि तेव्हापासून शुद्ध हरपलेली, उंचीचं भान सुटलेली कितीतरी माणसं जिवंत खाली आली आहेत.

एवढं सांगून झाल्यावर "काहीच होत नाही गं" असं मात्र म्हणू नका. होऊ शकतं. मैदानावर आपण सही करून देतो त्या कागदावर तेच लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आपत्कालीन संपर्काचा रकाना असतो. घरून चोरून आलेली पोरं तिथं मित्राचा नंबर टाकतात, आणि तो मित्र शेजारीच हेल्मेट घालून रांगेत उभा असतो. नंबर अशा माणसाचा द्या जो जमिनीवर आहे, फोन उचलतो आणि ज्याला तुम्ही कुठं आहात हे ठाऊक आहे. विमा असेल तर पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. अपघात विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत असे धाडसी खेळ वगळलेले असतात.

आजीसाठी माझ्याकडं वेगळा उपाय आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तो फोटो दाखवायचा. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या, २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या बाईंचा काष्टा बघून आजी निदान "पदर खोचलाय नीट" इतकं तरी म्हणते. पुढचं बोलणं सोपं जातं.

गावात पॅराशूट रेजिमेंटमधून निवृत्त झालेले कुणी फौजी काका असतील तर त्यांना जाऊन भेटा. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, पूर्ण केल्यावर छातीवर विंग्ज लागतात, ही गोष्ट ते रंगवून सांगतील. त्यांची उडी आणि आपली उडी वेगळी, एवढं ध्यानात असू द्या. त्यांची पट्टी विमानाला अडकवलेली असते, बाहेर पडताच ती पॅराशूट ओढून उघडते. आपलं पॅराशूट आयताकृती, पंखासारखं वळवता येणारं, आणि ते योग्य उंचीला उघडणं आपल्या हातात. पण जमिनीवर पडायची रीत तीच. चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू, या क्रमानं अंग टेकवत लोळायचं. पीएलएफ म्हणतात त्याला. काका अंगणात करून दाखवतील, वर "तुमची ती हौस, आमची ती ड्यूटी" असं ऐकवतीलही. ऐकून घ्या आणि लोळून बघा.

निघण्याआधी फोनवर

मराठवाड्यात उडी मारायला कायमचं ठिकाण नाही. आपल्याकडची माणसं जातात ती हरियाणात नारनौलजवळच्या धावपट्टीवर, किंवा गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेश पर्यटनानं उज्जैनला भरवलेल्या स्कायडायव्हिंग महोत्सवाला. पुढं शिकायचं असेल तर पुष्कळ जण थायलंडला पट्टायाकडं जातात. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्लीला सोडते, तिथून नारनौलसाठी वेगळी सोय बघावी लागते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. तिथं चहावाल्याच्या बाकावर डबा उघडला की ओळखी आपोआप होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फोनवर विचारायचं ते विचारताना लाजू नका. डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याची परवानगी आहे का? हवा बिघडली तर पैसे परत की पुढची तारीख? डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं का? वजनाची मर्यादा किती? वजनाला सगळेच दोन-चार किलो चोरतात, आणि तिथं पोचल्यावर बूट-कपड्यांसकट काट्यावर उभं केलं की चोरी उघडी पडते. टँडेममध्ये एकाच पॅराशूटला दोन माणसं लटकलेली असतात. तुमच्या वजनावर पॅराशूटचा उतरण्याचा वेग, प्रशिक्षकाच्या गुडघ्यांवर येणारा भार आणि छोट्या विमानाचा तोल ठरतो. काट्यावरचा आकडा ऐकून तिथं कुणी हसत नाही. लपवला तर मात्र चेहरे बदलतात.

मैदानावरची वाट

पोचलात की पहिल्यांदा खांबावरचा, वाऱ्यानं फुगणारा कापडी मोजा (विंडसॉक) बघा, मग माणसं. अर्धी बोलणी त्या मोज्याकडं बघतच चाललेली असतात. "अजून तिरपा आहे." "नऊपर्यंत बसेल." "बसत नाही आज." एकट्यानं उडणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांत वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे, म्हणजे जवळपास २२ किलोमीटर. अनुभवी लोक उडत असताना तुम्हाला खाली बसवलं तर तो अपमान नव्हे, त्यांची मर्यादा वेगळी असते.

या गप्पांत शिरायला आपल्याकडच्या माणसाला अडचण येऊ नये. चैत्र-वैशाखात नांगरलेल्या रानात भर दुपारी धूळ गरगरत उठते, ती वावटळ आपण लहानपणापासून बघतो. स्कायडायव्हर तिला जाम टरकतात. जमिनीलगत आलेलं पॅराशूट वावटळीत सापडलं तर क्षणात मिटतं नाहीतर भलतीकडं वळतं, आणि सावरायला तेवढी उंची उरलेली नसते. म्हणून उन्हाळ्यात उड्या सकाळी लवकर होतात आणि दुपारी मैदान गप्प पडतं. कुठं धूळ उठताना दिसली तर नवखे आहात म्हणून गप्प बसू नका. बोट दाखवून मोठ्यानं सांगा: "तिकडं वावटळ उठली." भाषा कुठलीही असो, ते बोट सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर तुमच्याकडं बघायची नजर बदलते.

दर दहा मिनिटांनी "आपला नंबर कधी?" विचारणारा मात्र सगळ्यांच्या डोक्यात जातो. विमानात कोण कधी बसणार याची यादी मॅनिफेस्टवर असते, एका फेरीतल्या माणसांना लोड म्हणतात, आणि "वीस मिनिटं" असा पुकारा झाला की तयार होऊन उभं राहायचं. यादीवर नाव आहे ना, एवढं एकदा बघून घ्या. उपाशी राहू नका, पोट तुडुंबही भरू नका. मंगळसूत्र, कानातले, कडं, अंगठ्या खोलीवरच ठेवा. ओढणी नको, बूट लेसचे. चष्मा असेल तर आधीच सांगा, त्यावर बसणारे गॉगल मिळतात.

"किती झाल्या?"

हा तिथला सगळ्यात नेहमीचा प्रश्न. वय, गाव, नोकरी सगळं नंतर. नवख्याला वाटतं, आपल्याला खिजवतायत. तसं नसतं. समोरचा तुमच्याशी कुठून बोलायला सुरुवात करायची ते ठरवतोय. पाच उड्यांच्या माणसाला जे सांगायचं ते पाचशेच्या माणसाला सांगत नाहीत. यूएसपीएचा ए परवाना किमान २५ उड्यांना, बी ५० ला, सी २०० ला आणि डी ५०० ला मिळतो, अर्थात नुसत्या उड्या मोजून नाही, परीक्षा आणि कौशल्य दाखवून. "शून्य" हे पूर्ण उत्तर आहे. "शून्य, पण मी पॅराग्लायडिंग केलंय" हेही चालेल, फक्त त्यातल्या "पण"वर फार जोर देऊ नका. टँडेम केलं असेल तर टँडेम म्हणा. तिथं पॅराशूट उघडणारा दुसरा असतो.

दुसरा हमखास विषय कॅमेऱ्याचा. "हेल्मेटवर गोप्रो लावू का?" यावर २०० उड्यांच्या आत नाही, असंच उत्तर मिळेल, यूएसपीएची शिफारसही तीच आहे. कॅमेऱ्यात दोरी अडकू शकते, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की कॅमेरा लावलेला माणूस उंचीऐवजी रीलचा विचार करतो. विंगसूटची, म्हणजे हातापायांत कापडी पंख असलेल्या पोशाखाची चौकशी पहिल्याच दिवशी करणारी पोरंही येतात. त्यांना कुणी रागावत नाही, नुसतं "लॉगबुक बघू" म्हणतात.

लॉगबुक म्हणजे प्रत्येक उडीची नोंदवही. तारीख, ठिकाण, विमान, उंची, किती सेकंद पडलो, काय केलं, आणि खाली साक्षीदाराची सही. नवख्यानं ज्येष्ठांची जुनी लॉगबुकं मागून बघावीत, बहुतेक जण आनंदानं देतात. त्यात "मस्त मजा आली" कमी आणि "उघडायला उशीर, उंची बघितली नाही" अशी वाक्यं जास्त सापडतील. दिवसभराच्या गप्पांपेक्षा त्या ओळींनी जास्त कळतं.

"माझं एकदा बघता का?"

एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा. एकट्यानं उडायला लागल्यावर सामान अंगावर चढवलं की दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं असतं. हजार उड्या झालेला माणूसही कुणाला तरी असं म्हणतो आणि पाठ करून उभा राहतो.

तपासणारा काय बघतो ते जवळून बघा. दोन्ही खांद्यांशी तीन-तीन कड्या असतात, मोठीतून मधली, मधलीतून लहान अशी ओवलेली, वर पांढऱ्या दोरीचा फास आणि त्यातून गेलेली पिवळी केबल. बिल बूथ यांची ही रचना १९७० च्या दशकातली. मोठ्या कडीवर पूर्ण माणसाचा भार येतो आणि फासापर्यंत पोचेस्तोवर तो इतका कमी होतो की बिघडलेलं मेन एका हिसड्यात सोडता येतं. तपासणारा तिन्ही कड्या दोन्ही बाजूंना बोटानं चाचपतो. मग छातीचा पट्टा बकलातून नीट दुमडून आलाय का, मांड्यांचे पट्टे पिळलेत का, उजवीकडचं मेन सोडायचं आणि डावीकडचं रिझर्व्हचं हँडल जागेवर आहेत का, एएडी चालू आहे का, उंचीमापक शून्यावर आहे का. तोंडानं पुटपुटत चाललेलं असतं. त्या वेळी त्याच्याशी गप्पा मारू नका.

आणि दुसऱ्याच्या अंगावरच्या सामानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कौतुकानं हँडल ओढून बघणारा नवखा दरवर्षी कुणीतरी असतोच. मुलींसाठी एक सांगतो, कारण विचारायला संकोच वाटतो: पट्टे मांड्यांवर आणि छातीवर येतात, ते घट्ट करताना प्रशिक्षक हात लावतो, आणि चांगला प्रशिक्षक आधी सांगून, विचारून लावतो. "कुणी ताई आहेत का पट्टे बघायला?" असं विचारणं अगदी रास्त आहे. "थांबा, मी स्वतः ओढते" हेही.

विमानात

छोटं सेस्ना असेल तर मांडीला मांडी लावून, बहुतेक वेळा शेपटीकडं तोंड करून बसावं लागतं. इंजिनाच्या आवाजात बोलणं होत नाही, आणि तेच बरं. १०,००० फूट म्हणजे सुमारे ३,०५० मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्याच्या दुपटीच्या जवळपास. वर गारठतं, जमिनीपेक्षा वीसेक अंशांनी कमी. मे महिन्यातल्या घामानं भिजलेल्या शर्टात ते चांगलंच जाणवतं. दार उघडायच्या थोडं आधी सगळे एकमेकांच्या मुठीला मूठ लावतात, तळहात घासतात. तुमच्याकडंही मूठ येईल. लावा.

भीती वाटत असेल तर ती खालीच, सामान चढवताना सांगा. "सर, मला फार भीती वाटतेय" असं म्हटलं की प्रशिक्षक बोलण्याची गती कमी करतो, एकेक सूचना पुन्हा म्हणवून घेतो. गप्प बसलेला विद्यार्थी त्याला जास्त काळजीत टाकतो. आणि दारापर्यंत जाऊन "नाही" म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. विमानातून परत खाली आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो, कारण विचारायचं नसतं. हसणारा कुणी भेटलाच तर त्याच्यापासून दूर बसा. पैसे परत मिळतील की नाही हा वेगळा प्रश्न, तोही आधी फोनवरच विचारून ठेवा.

टँडेममध्ये तुमचं काम थोडं: दारात हात छातीशी, मान मागं, बाहेर पडल्यावर पोट पुढं, पाय मागं दुमडलेले, उतरताना पाय सरळ पुढं उचलून धरायचे. हे शेवटचं घरी खुर्चीवर बसून करून बघा, वाटतं तितकं सोपं नाही. तंग जीन्समध्ये तर नाहीच.

शिकाऊ उडीत बोलणं हातांनी होतं, कारण ताशी १९०-२०० किलोमीटरच्या वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत. प्रशिक्षकानं दोन बोटं ताठ दाखवली तर पाय लांब करा, दोन बोटं वाकवून दाखवली तर पाय आत घ्या, अंगठा खाली केला तर कंबर पुढं ढकला, हात हलवून दाखवला तर अंग सैल सोडा. तर्जनी रोखली की पॅराशूट उघडा. हे आदल्या दिवशी खोलीत मित्राला समोर उभं करून पाठ करा.

पॅराशूट उघडल्यावर कानात रेडिओ. तो एकतर्फी असतो, तुम्हाला उलट बोलता येत नाही. "ऐकू येत असेल तर पाय हलव" म्हटलं की पाय हलवायचे, तेवढाच संवाद. म्हणून जमिनीवरच दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, शब्द कुठले: "डावीकडं" की "लेफ्ट", उतरताना दोन्ही दोऱ्या खाली ओढायला "ब्रेक" की "फ्लेअर". हरियाणवी प्रशिक्षकाची हिंदी आणि आपली उदगीरकडची हिंदी यांत बराच फरक आहे. दोन, हाक कशी मारणार. हवेत दोन विद्यार्थी असतील आणि दोघंही "भैया" असतील तर पंचाईत.

शेतात उतरलात तर

एकट्यानं उडताना कधीतरी मैदानाबाहेर उतरणं होतं. इथं शेतकऱ्याच्या पोराला शहरी जंपरपेक्षा जास्त कळतं. वरून हिरवागार, मऊ दिसणारा ऊस माणसाच्या डोक्यावर असतो. तुरीची आणि कपाशीची पऱ्हाटी बोचते. कठडा नसलेली विहीर वरून नुसता काळा ठिपका दिसते. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरून चाला. नांगरलेलं किंवा पडीक रान शोधा, आणि ते उंचावर असतानाच शोधा. जमिनीजवळ आल्यावर जागा बदलायला म्हणून जोरात वळू नका. चांगलं उघडलेलं पॅराशूट डोक्यावर असताना माणसं जायबंदी होतात ती बहुधा अशा वळणामुळं.

उतरलात की लगेच उभे राहा आणि हात हलवा. पडून आकाश बघत बसलात तर मैदानावरून गाडी आणि स्ट्रेचर निघतं. मग पॅराशूट गोळा करून छातीशी धरा, पिकातून ओढत नेऊ नका, बांधावरून चला. शेतकरी येईलच. "राम राम" हरियाणातही चालतं. कुठून पडलात, लागलं का, पाणी प्या, असं होतं बहुतेक वेळा. नुकसान झालं असेल तर आपणहून दाखवा आणि मैदानवाल्यांना सांगा, कारण पुढच्या वेळी त्याच रानात दुसरा कुणीतरी उतरणार आहे.

उतरल्यावरच्या गप्पा

प्रशिक्षक आधी तुम्हाला सांगायला लावेल, व्हिडिओ नंतर. पहिल्या उडीतलं पुष्कळसं आठवतच नाही. मेंदूला एवढं एकदम पेलत नाही. आठवत नसेल तिथं "आठवत नाही" म्हणा. "उंची किती वेळा बघितली?" याला "दोनदा" असं ठोकून दिलंत आणि व्हिडिओत एकदाही मनगटाकडं नजर गेलेली नसेल, तर सगळ्यांसमोर फजिती होते. त्याहून वाईट म्हणजे पुढची उडी चुकीच्या समजुतीवर ठरते.

संध्याकाळी सामान आवरून, मेनच्या घड्या घालता घालता खरी बैठक रंगते. कुणाच्या दोऱ्यांना पीळ पडला होता, कुणी पाय मारून सोडवला, कुणी मेन सोडून रिझर्व्हवर आला, हे सगळं तिथं उघड बोललं जातं आणि कुणी लाजत नाही. "पॅराशूट चौकोनी होतं का, वळत होतं का, ब्रेक धरत होतं का?" असे उलटतपासणीचे प्रश्न होतात. तुम्ही ऐका, विचारा, पण "मी असतो तर" अशी सुरुवात करू नका. आणि तिथं ऐकलेलं तिथंच ठेवा. कुणाच्या पडण्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पाठवणाऱ्याला पुन्हा त्या बैठकीत जागा मिळत नाही. अपघाताची बातमी आली तर कारणं जुळवायची घाई करू नका. त्या माणसाची आईही फोन वापरते.

पाश्चात्त्य मैदानांवर पहिल्यांदा काहीही केलं की बिअर पाजायची प्रथा आहे, शंभराव्या उडीला तोंडावर "पाय" (pie) नावाचा केकसारखा गोड पदार्थ थापतात, आणि रिझर्व्हनं वाचवलं तर ते भरणाऱ्या रिगरला बाटली देतात. आपल्याकडच्या मंडळींत पेढे चालतात. धाराशिवकडून येणार असाल तर कुंथलगिरीचे आणा, आणि अर्धा किलोवर भागवू नका. निघताना "ब्लू स्काइज" म्हणतात, त्याला तेच उत्तर द्यायचं.

गावात परतल्यावर

व्हिडिओ गावात तुमच्याआधी पोचलेला असतो. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स, आणि त्यावर "मराठवाड्यातील पहिला". ते छापून यायच्या आत थांबवा. मराठवाड्यातून फौजेत जाऊन आग्र्याला उड्या मारलेली माणसं आपल्या आजोबांच्या पिढीत सापडतील, आणि सत्काराला तीच पहिल्या रांगेत बसलेली असतील. पोरं विचारतील, "किती उंची?" जी होती ती सांगा. १०,००० चे १५,००० करायचा मोह होतो खरा.

पुढं शिकायचंच ठरलं तर पुन्हा हरियाणा किंवा थायलंड गाठायच्या आधी हैदराबाद बघा. तिथं उभ्या बोगद्यातून वर वाऱ्याचा झोत सोडून त्यावर तरंगायची सोय आहे. नांदेड-परभणीकरांना देवगिरी एक्सप्रेस आहे, लातूर-उदगीरवाल्यांना बस. पोटावर स्थिर राहणं, हातपाय हलवून वळणं, वर सांगितलेले हाताचे इशारे, हे सगळं तिथं विमानाशिवाय शिकता येतं. उंचीचं भान आणि पॅराशूट हाताळणं मात्र तिथं शिकता येत नाही. चार-पाच जण मिळून वेळ आरक्षित करा. आपली पाळी नसताना काचेबाहेर बसून दुसऱ्याचं बघायला मिळतं, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न कुठला विचारायचा ते आता तुम्हाला माहीत आहे.